मॅच कोणी खेळतच नाही, मग रात्री साडेअकराला एवढी बोंबाबोंब कशाची?

मागच्या आठवड्यात रात्री लॅपटॉपसमोर बसून मी "अरे मार ना आता!" असा जोरात ओरडलो आणि शेजारच्या खोलीतून माझी मोठी बहीण उठून आली. स्क्रीनवर हिरवं मैदान, त्यावर बावीस ठिपके इकडून तिकडे सरकतायत, बाजूला चॅट नुसता वाहतोय. तिने विचारलं, तू खेळतोयस का हे? म्हटलं नाही. मग कोण खेळतंय? म्हटलं कोणीच नाही, कॉम्प्युटर खेळतोय. मग तू ओरडतोयस कोणावर? याचं उत्तर होतं माझ्याकडे, पण ते द्यायला वीस मिनिटं लागली असती आणि तेवढ्यात आम्ही गोल खाल्ला. तर ताई, हे घे ते वीस मिनिटांचं उत्तर, आणि तुझ्यासारखा प्रश्न पडलेल्या बाकीच्यांसाठीही.

आधी हे काय नाही ते बघू

ऑनलाइन सिम्युलेटेड फुटबॉल लीग म्हटलं की लोकांच्या डोक्यात तीन गोष्टी येतात आणि तिन्ही चुकीच्या असतात.

पहिली फँटसी. तिथे खेळाडू खरे, मॅच खऱ्या, तुम्ही फक्त नावं निवडून आपली टीम बनवता आणि त्या माणसाने खऱ्या मैदानावर गोल मारला की तुम्हाला पॉइंट. ती कल्पना १९६२ मधली आहे, अमेरिकन फुटबॉलच्या ओकलंड रेडर्स टीमच्या आसपासच्या मंडळींनी काढलेली. दुसरी गोष्ट व्हिडिओ गेम, म्हणजे हातात कंट्रोलर आणि सगळी करामत बोटांची. आणि तिसरी सट्टा, ज्याबद्दल घरचे आधी विचारतात.

सिम लीगमध्ये यातलं काहीच नाही. खेळाडू काल्पनिक, टीम काल्पनिक, मॅच कॉम्प्युटर खेळतो, खेळाडूंना करोडोंचे पगार मिळतात पण ते सगळे स्प्रेडशीटमधल्या एका कॉलममध्ये. खरी असतात ती फक्त माणसं, वेगवेगळ्या देशांतली शे-दोनशे माणसं, त्यातली बरीचशी एकमेकांना टोपणनावानेच ओळखतात.

यात दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक जण एक अख्खी टीम चालवतो. दुसरीत प्रत्येक जण एकच खेळाडू बनवतो आणि त्याचं पूर्ण करिअर जगतो. मी दुसऱ्या जातीबद्दल बोलणार आहे कारण बाहेरच्या माणसाला जास्त वेड्यासारखी तीच वाटते.

सिम म्हणजे आत नक्की काय होतं

सिम म्हणजे सिम्युलेशन, आणि ते करणारा जो प्रोग्राम त्याला म्हणायचं इंजिन. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे हेच वापरणार आहे.

इंजिनला प्रत्येक खेळाडूचे आकडे दिलेले असतात. वेग अमुक, पासिंग तमुक, दमसास एवढा. बॉल एकाकडे आला की इंजिन बघतं समोर कोण आहे, दोघांचे आकडे काय आहेत, आणि त्यावरून ठरवतं की पास पोचायची शक्यता समजा शंभरातली सत्तर. मग फासा टाकतं. फासा सत्तरच्या आत पडला तर पास पोचला, नाही तर गेला. असं मॅचभर शेकडो वेळा. म्हणजे सापशिडीच, फक्त फाशाच्या कोणत्या बाजूला किती वजन लावायचं हे खेळाडूंच्या आकड्यांवरून ठरतं.

यात नवीन असं काही नाही. १९४६ मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम नावाचा गणितज्ञ आजारातून उठत होता, वेळ घालवायला एकट्याने पत्ते लावत बसायचा आणि त्याला प्रश्न पडला की हा डाव सुटायची शक्यता किती. हिशोब करून करून थकला आणि मग सुचलं की हिशोब कशाला, डाव शंभर वेळा लावून बघू आणि किती वेळा सुटतो ते मोजू. त्यातून जी पद्धत पुढे आली तिला माँटे कार्लो म्हणतात आणि ती अणुबॉम्बवाल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत वापरली गेली. आमची लीग त्याच खानदानातली, जरा वाया गेलेली नातवंडं म्हणा.

खेळात तर हे घरगुती कॉम्प्युटरच्याही आधी आलं. स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा बेसबॉलचा खेळ १९६१ मध्ये आला, त्यात प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड आणि सोबत फासे. १९८२ मध्ये केव्हिन टॉम्सने घरगुती कॉम्प्युटरवर 'फुटबॉल मॅनेजर' आणला, १९९२ मध्ये कॉलियर भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला, आणि १९९७ मध्ये स्वीडनमधून 'हॅट्रिक' सुरू झाला, जिथे समोरची टीमसुद्धा कोणीतरी खरा माणूस चालवत होता. इथे गंमत बदलली. कॉम्प्युटरशी हरलं की माणूस गेम बंद करतो. माणसाशी हरलं की दुसऱ्या दिवशी परत येतो.

चांगली टीम जिंकतेच का मग?

नाही, आणि नवीन माणूस इथेच पहिला चिडतो. जरा आकडे बघू, सोपे आहेत.

समजा आमची टीम मॅचला सरासरी दीड गोल मारते आणि समोरची एक. म्हणजे आम्ही दीडपट भारी. फुटबॉलमधले गोल साधारण ज्या नियमाने पडतात त्याला पॉइसन म्हणतात. (क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजायचा हा नियम. १८९८ मध्ये एकाने तो प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांना लावून दाखवला होता आणि चपखल बसला. गोल पण तसाच, कधी लाथ बसेल सांगता येत नाही.) तर त्या नियमाने हिशोब केला की आम्ही जिंकायची शक्यता येते साधारण ४९ टक्के, बरोबरीची २६ आणि हरायची २५.

परत वाचा. दीडपट भारी असून आम्ही निम्म्याहून कमी वेळा जिंकणार आणि दर चार मॅचमागे एक हरणार. बास्केटबॉलसारख्या खेळात एवढा फरक असला तर समोरच्याला उभंच राहता येत नाही, कारण तिथे पॉइंट होणार की नाही याचा फासा मॅचमध्ये शेकडो वेळा पडतो आणि नशीब घासून घासून सपाट होतं. फुटबॉलमध्ये दोन-तीनच गोल, त्यामुळे नशीब टोचतं.

पण मग सगळंच नशीब असेल तर डोकं चालवायचं कशाला?

हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ आहे. एका मॅचपुरतं बघाल तर तुमचं खरंय. सीझन बघा. वरचाच हिशोब पुढे न्या, जिंकल्यावर तीन पॉइंट, बरोबरीला एक. आमचे मॅचमागे सरासरी १.७२ पॉइंट होतात, त्यांचे १.०२. एका मॅचमध्ये हा फरक दिसतसुद्धा नाही. पण अशाच ३८ मॅच खेळवल्या तर आम्ही साधारण ६५ वर आणि ते ३९ वर. नशिबामुळे सात-आठ पॉइंट इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं, पण २६ चा फरक खाऊन टाकायला नशिबालाही घाम फुटेल.

म्हणजे डोकं चालतं ते ती सरासरी एकवरून दीडवर न्यायला. ते काम मॅचच्या रात्री होत नाही, बाकीच्या सहा दिवसांत होतं. आता त्याच्याकडे येऊ, कारण लीग म्हणजे खरं तर तेच आहे.

बाकीचे सहा दिवस लोक करतात काय?

माझंच सांगतो. मी आलो तेव्हा एक फॉर्म भरायचा होता: खेळाडूचं नाव, उंची, कोणता पाय, कोणती जागा. सगळ्या जगाला स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, व्हायचं असतं. मी पण स्ट्रायकर लिहून पाठवणार होतो तेवढ्यात एका जुन्या मेंबरचा मेसेज आला की भाऊ, ह्या बॅचमध्ये स्ट्रायकर अकरा आहेत आणि लेफ्ट बॅक एक पण नाही, तुला खेळायचंय की बेंचवर बसायचंय? म्हणून मी लेफ्ट बॅक झालो, म्हणजे डाव्या बाजूने बचाव करणारा. गोलकीपरचं तर विचारू नका, कोणी बनतच नाही, आमच्याकडे निम्म्या टीमच्या गोलमध्ये बॉट उभा असतो, म्हणजे ज्याच्यामागे माणूसच नाही असा भरतीचा खेळाडू.

सुरुवातीला सगळे सारखेच कच्चे. मग दर आठवड्याला पॉइंट कमवायचे आणि ते आपल्या खेळाडूच्या आकड्यांवर खर्च करायचे. पॉइंट मिळतात कसे? ट्रेनिंगचा छोटा फॉर्म वेळेत भरला की थोडे. येत्या मॅचचे अंदाज बरोबर आले की थोडे. आणि सगळ्यात जास्त मिळतात काहीतरी बनवल्यावर: मॅचचा रिपोर्ट लिहा, टीमचा लोगो काढा, पॉडकास्ट करा, सीझनच्या आकडेवारीचा तक्ता मांडा. म्हणजे माझ्या लेफ्ट बॅकचा वेग का वाढला, तर मी तिसऱ्या नंबरवरच्या टीमच्या डिफेन्सवर आठशे शब्द लिहिले म्हणून. खुळचट वाटतं ना? पण याच एका नियमावर सगळं उभं आहे. इंजिन फक्त ३-१ असा आकडा देतं. तिसरा गोल ऐंशीव्या मिनिटाला अशा माणसाने मारला ज्याला त्याच टीमने दोन सीझनपूर्वी काढून टाकलं होतं, हे इंजिनला माहीत नसतं. ते कोणीतरी लिहितं, दुसरा त्याच्यावर मीम करतो, तिसरा चिडतो, आणि पुढच्या वेळी त्या दोन टीम समोरासमोर आल्या की चॅटला आग लागते.

आणखी एक खोच आहे. पॉइंटचा भाव चढता असतो. कच्च्या खेळाडूला एक पायरी चढायला थोडेच पुरतात, वर गेलेल्याला तीच एक पायरी कितीतरी महाग. परीक्षेत चाळीसचे साठ करणं आणि पंच्याण्णवचे सत्त्याण्णव करणं यात जसा फरक असतो तसा. आणि ठरावीक सीझननंतर खेळाडू म्हातारा व्हायला लागतो, दर वर्षी त्याचे आकडे कापले जातात. हे दोन्ही नसतं तर पहिल्या दिवसापासून असलेले लोक कायमचे वर बसले असते आणि नवीन माणूस महिन्याभरात पळाला असता. लीग जगवायची तर जुन्यांना म्हातारं करावं लागतं, दुसरा इलाज नाही.

आणि हे सगळं सांभाळतं कोण

प्रत्येक टीमला एक जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, तो पण आपल्यातलाच एक मेंबर. नवीन बॅच आली की ड्राफ्ट होतो, म्हणजे टीम पाळीपाळीने नवीन खेळाडू उचलतात. जीएम लोक त्याआधी नवीन मेंबरशी गप्पा मारत फिरतात आणि यात एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही: ते खेळाडू शोधत नसतात, माणूस शोधत असतात. नवीन खेळाडूचे आकडे तर सगळ्यांचे सारखेच. बघायचं असतं ते एवढंच की हा चार महिन्यांनी पण दर आठवड्याला फॉर्म भरणार आहे का. एकदम उत्साहात आलेला, पहिल्या दिवशी पन्नास मेसेज टाकणारा बऱ्याचदा तिसऱ्या आठवड्यात गायब होतो. शांतपणे एकच नीट प्रश्न विचारणारा टिकतो. हे माझं मत, आकडेवारी नाही माझ्याकडे, पण ज्या जीएमना विचारलं ते हसले.

वर सॅलरी कॅप असतो, म्हणजे टीमने सगळ्यांना मिळून अमुकच पगार द्यायचा, नाही तर सगळे भारी खेळाडू एकाच टीममध्ये. आणि या सगळ्यांच्या वर कमिशनर आणि त्याची टोळी. त्यांचं काम ऐकाल तर तुम्हाला रडू येईल. रविवारी रात्री कोणीतरी बसून शंभर-दीडशे लोकांनी पॉइंट कुठे खर्च केले ते एकेक करून तपासतो, बेरीज बरोबर आहे का बघतो, ते आकडे हाताने इंजिनच्या फाइलमध्ये घालतो, मग जीएमनी पाठवलेल्या लाइनअप, म्हणजे कोण कुठे उभा राहणार त्या याद्या, चढवतो, सस्पेंड झालेले आणि जखमी झालेले बाजूला काढतो, फाइलची कॉपी ठेवतो आणि मग बटण दाबतो. बटण दाबल्यावर मॅच व्हायला चार मिनिटं. त्याआधीचे पाच तास फुकट.

फुकट म्हणजे अक्षरशः फुकट. आणि हे फक्त आमच्यासारख्या फुटकळ लीगचं नाही. हॅट्रिक इतक्या भाषांत गेला तो स्वयंसेवकांनी भाषांतर केलं म्हणून, तिथली शिस्त बघणारे पण स्वयंसेवकच. आजच्या फुटबॉल मॅनेजर गेममधले (१९८२ मधला तो नव्हे, नाव तेवढं सारखं) खऱ्या खेळाडूंचे आकडे कुठून येतात, तर जगभर पसरलेल्या संशोधकांकडून, ज्यातले कितीतरी त्या त्या क्लबचे वेडे फॅन आहेत. ह्या सगळ्या दुनियेचा पाया म्हणजे कोणीतरी रात्री जागून भरलेला तक्ता.

मग जो बटण दाबतो त्याने गडबड केली तर?

हा प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर "असं होतच नाही" असं कोणी दिलं तर त्या लीगमध्ये जाऊ नका.

आधी तांत्रिक बाजू. कॉम्प्युटरचा फासा खरा फासा नसतो. तो एका सुरुवातीच्या आकड्यापासून गणित करत पुढचे आकडे काढत जातो, त्या आकड्याला सीड म्हणतात. तेच सीड, त्याच लाइनअप, तर तीच मॅच, गोलच्या मिनिटासकट. सीड बदललं की दुसरी मॅच. म्हणजे बटण दाबणाऱ्याने बंद खोलीत पाच वेळा सिम करून आपल्या आवडीचा निकाल बाहेर आणला तर बाहेरून काही कळणार नाही. म्हणून बहुतेक लीग मॅच लाइव्ह दाखवतात. तुम्हाला वाटतं ते करमणुकीसाठी आहे, ते आहेच, पण मूळ फायदा हा की शंभर जण बघत असताना परत बटण दाबता येत नाही. जादूगाराने बाह्या वर केल्यासारखं.

आता आमच्यावर गुदरलेला प्रसंग. दोन सीझनपूर्वी सेमीफायनलमध्ये आमची नवीन लाइनअप चढलीच नाही, फाइलमध्ये आधीच्या आठवड्याची राहिली, आणि तिच्यात माझा लेफ्ट बॅक उजव्या बाजूला उभा. स्ट्रीम चालू, आम्ही चॅटमध्ये बोंबलतोय की अहो थांबा, तो चुकीच्या बाजूला आहे, पण मॅच सुरू झालेली. हरलो ०-२, दोन्ही गोल त्याच बाजूने. मग आम्ही रीसिम मागितला, म्हणजे तीच मॅच परत खेळवा. समोरची टीम म्हणाली आम्ही नियमाने जिंकलोय, आमच्याकडून हिसकावून का घेताय? दोन्ही बाजू बरोबर, हीच तर पंचाईत. तीन दिवस वाद चालला. शेवटी निकाल आमच्याविरुद्ध गेला कारण नियमात लिहिलं होतं की जीएमने मॅचच्या आधी चढलेली लाइनअप बघून होकार द्यायचा, आणि आमच्या जीएमने न बघताच अंगठा दाखवला होता. राग आला मला, अजूनही येतो थोडा, पण ज्याने चूक केली त्याने स्वतः येऊन कबूल केलं की पाच तासांच्या कामात ती एक फाइल सुटली, आणि त्याला पगार किती तर शून्य. कोणत्या तोंडाने भांडणार?

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की फाइल दोघांनी बघायची आणि दुसरा माणूस त्या मॅचमधल्या कोणत्याच टीमचा नको. इथले बहुतेक नियम असेच येतात, कोणाची तरी जळालेली शेपटी असते त्यांच्यामागे.

मुद्दाम हरणारे आणि एकाच माणसाची तीन डोकी

ड्राफ्टमध्ये शेवटच्या नंबरच्या टीमला पहिली निवड मिळते, म्हणजे दुबळा सुधारावा. पण लोक हुशार असतात. आपण तळाशीच जाणार असं दिसलं की आणखी खोल जायचं, चांगले खेळाडू बेंचवर बसवायचे आणि पहिली निवड पटकवायची. याला टँकिंग म्हणतात. हे आमच्या खोट्या लीगचं खूळ नाही, अमेरिकेच्या एनबीए ह्या बास्केटबॉल लीगने याच कारणावरून १९८५ मध्ये निवडीचा क्रम सोडत काढून ठरवायला सुरुवात केली. सिम लीगमध्ये टँकिंग जास्त बोचतं, कारण बेंचवर बसवलेल्या खेळाडूच्या मागे एक माणूस बसलेला असतो जो सहा महिने फॉर्म भरतोय. त्याला तुम्ही काय सांगणार, थांब, पुढच्या वर्षी?

दुसरा रोग म्हणजे एकाच माणसाने दोन-तीन नावांनी शिरणं. एका नावाने स्ट्रायकर, दुसऱ्या नावाने त्याला पास देणारा. सापडतात, बहुतेकदा लिहिण्याच्या लकबीवरून. शिक्षा सरळ हकालपट्टी.

इंजिन दुसऱ्याचं, घर आपलं

ही जरा काळजीची बाजू. बहुतेक लीग स्वतःचं इंजिन लिहीत नाहीत, बाजारातला एखादा गेम घेतात आणि त्यात आपले खेळाडू घालतात. म्हणजे भाड्याच्या घरात संसार. फेब्रुवारी २०२५ मध्ये फुटबॉल मॅनेजरची त्या वर्षीची आवृत्ती चक्क रद्द झाली. दर वर्षी नवीन येणार हे धरून चाललेल्यांना जुन्या आवृत्तीवरच काम भागवावं लागलं. आणि नवीन इंजिन आलं तरी सुख नाही, कारण जुन्या इंजिनमध्ये वेगाला सोन्याचा भाव असेल आणि नव्यात पासिंगला, तर ज्याने दोन वर्षं वेगावर पॉइंट ओतले त्याच्या करिअरचं काय? त्यामुळे इंजिन बदलायचा विषय निघाला की घराच्या वाटणीसारखी भांडणं होतात.

घरमालकानेच घर पाडल्याचं उदाहरण पण आहे. ब्लेसबॉल नावाचा काल्पनिक बेसबॉलचा विचित्र खेळ २०२० मध्ये आला, लोकांनी त्यातल्या खेळाडूंची चित्रं काढली, गाणी केली, इंजिनने नुसतं नाव आणि आकडे दिलेल्यांना स्वभाव दिले. २०२३ मध्ये बनवणाऱ्यांनी तो बंद केला, खर्च झेपत नव्हता. आमच्यासारख्या छोट्या लीगला निदान एवढं आहे की फाइल आपल्याकडे, तक्ते आपल्याकडे, आणि बंद पडलीच तर माणसं कंटाळली म्हणून पडेल, कोणी वायर काढली म्हणून नाही. बहुतेक लीग तशाच मरतात. कमिशनर दमतो, दुसरा कोणी पुढे येत नाही, एक रविवार चुकतो, मग दुसरा.

हे सगळं ठीक, पण बघतं कोण असल्या खोट्या मॅच?

एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे ब्रिटनची ग्रँड नॅशनल घोड्यांची शर्यत रद्द झाली तेव्हा टीव्हीवर तिचं सिम्युलेशन दाखवलं, पूर्ण कॉम्प्युटरने पळवलेले घोडे. ४८ लाखांच्या आसपास लोकांनी बघितलं. निकाल आधी माहीत नाही आणि आपलं काहीतरी त्यात अडकलंय, एवढं असलं की माणूस ठिपके पण बघतो. माझ्या बाबतीत अडकलेलं असतं ते म्हणजे वर्षभर भरलेले फॉर्म.

वेळ वाया जात नाही का?

जातो की. आठवड्याला दोन-तीन तास माझे जातात, जीएमचे आठ-दहा, कमिशनरचं मी मोजत नाही कारण वाईट वाटतं. यातून स्प्रेडशीट शिकलो, दोन जण डिझाइनचं काम शिकून पोटाला लागले, असली उदाहरणं देता येतील मला, पण ती दिली की वाटतं आपण घरच्यांसमोर सफाई देतोय. कोणी संध्याकाळी पत्ते खेळतं त्याला आपण विचारत नाही की यातून काय शिकलास. मी फक्त दोन बाबतीत सावध करेन. लहान मुलं येत असतील तर लीगमध्ये वयाचा नियम आणि लक्ष ठेवणारं कोणी आहे का ते आधी बघा. आणि पैसे मागणारी लीग असेल, पॉइंट विकत मिळत असतील, तर मागच्या दाराने निघा, कारण मग रविवारी रात्री जागणाऱ्याच्या भरवशावर काही उरत नाही.

माझा लेफ्ट बॅक ह्या सीझनला रिटायर झाला. नऊ सीझन, चार गोल, एक कप, आणि उजव्या बाजूला उभं राहून हरलेली ती एक सेमीफायनल. ज्याने ती फाइल विसरली होती त्यानेच त्याच्यावर निरोपाचं दीड पानाचं लिहिलं, सगळे चार गोल मिनिटासकट, जे मला स्वतःलाही आठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी नवीन खेळाडूचा फॉर्म उघडला. ताई मागे उभी होती, म्हणाली ह्या वेळी तरी गोल मारणारा घे. जागेच्या रकान्यात मी गोलकीपर लिहिलं आणि पाठवून दिलं, आणि पाचच मिनिटांत तीन जीएमचे मेसेज.